नळी हलेना

लढाईच न लढलेल्या टँक बटालियनला कसला आलाय इतिहास, असं लोक तोंडावर विचारतात. पूर्वी मी चिडायचो. आता म्हणतो, बसा, सांगतो.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. आम्ही पासिर रिसला राहायचो, बाबा बँकेत. सिंगापूरचं नागरिकत्व घेतलेलं, म्हणजे मला सक्तीची लष्करी सेवा आलीच. पोस्टिंग टँक बटालियन, हुद्दा सार्जंट, काम टँक कमांडर. टँकमध्ये तिघं: मी, गनर फैझल आणि ड्रायव्हर केंग हुआत. रविवारी कॅम्पवर परतताना आई चकल्यांचा डबा द्यायची. निम्म्या केंग हुआतच फस्त करायचा. "सार्ज, युअर मदर द बेस्ट लाह!" लबाड कुठला!

ड्रायव्हर सगळ्यात पुढे बसतो. त्याच्या डोक्यावर लोखंडी झाकण असतं, हॅच; आतून आमच्याकडे यायला त्याला वाट नसते. तोफेची नळी झाकणावर आली की ते उघडत नाही. म्हणून आमचा नियम होता: टँक थांबला की आधी नळी बाजूला, ड्रायव्हर मोकळा, मग बाकी सगळं.

त्या दुपारी सराव होता. पावसानं जमीन भुसभुशीत झाली होती. नाल्याच्या काठानं जाताना माती खचली आणि टँक तोंडावर नाल्यात गेला. नळी समोरच्या काठात रुतली, नेमकी झाकणाच्या वर. पुढून पाणी आत शिरू लागलं.

"ड्रायव्हर, रिपोर्ट."

"सार्ज, पाणी गुडघ्यापर्यंत. हॅच जॅम."

नळी वळवणारी मोटर बंद पडली होती, पण इंटरकॉम चालू होता. फैझल आणि मी नळी वळवायचं चाक हातानं फिरवत होतो. तळहात सोलले, पण नळी तसूभर हलेना. रेडिओवर रिकव्हरी, म्हणजे टँक ओढून काढणारी गाडी, मागितली.

"निघालीय. रस्ता खराब आहे. वेळ लागेल."

वेळ! आम्ही पुन्हा चाकाला भिडलो.

"पाणी छातीपर्यंत," केंग हुआत म्हणाला. मग आवाज लहान पोरासारखा झाला. "सार्ज, डोंट गो, आ."

रेडिओवर कंपनी कमांडर ओरडले, "क्रू बाहेर! दॅट्स ॲन ऑर्डर!"

मी फैझलला बाहेर ढकललं. मी हललो नाही. "आय ॲम हिअर," मी म्हणत राहिलो. पलीकडून उत्तर येईनासं झालं, तरी म्हणत राहिलो. माझे देव, त्याचे देव, सगळ्यांच्या विनवण्या केल्या. अखेर रिकव्हरीनं टँक मागे ओढला, नळी सुटली, झाकण उघडलं. चिखलात झोपवून मी त्याची छाती दाबत राहिलो. मेडिकनं माझे हात धरून मला बाजूला केलं.

तोआ पायोहला, केंग हुआतच्या घराच्या इमारतीखाली, मोकळ्या तळमजल्यावर, त्याची शवपेटी ठेवली होती. त्याच्या आईला इंग्रजी जेमतेम यायचं. तिनं मला एकच विचारलं.

"ही अलोन, आ?"

"नो, आंटी. आय वॉज देअर."

तिनं माझे सोललेले हात हातांत घेतले. मी कमांडर, गणवेशात होतो. त्या माउलीसमोर हमसून हमसून रडलो.

अजून दर वर्षी त्या दिवशी फैझल आणि मी तिच्याकडे जेवायला जातो. ती टेबलावर भाताच्या चार वाट्या मांडते. आम्ही बसतो. ती आधी केंग हुआतला हाक मारते, ये, जेवून घे म्हणून. मग आम्ही घास उचलतो.