न घटलेले वजन

उचगावातल्या एका ओसरीवर घेतलेला चहा मला अजून विसरता आलेला नाही. नोकरीत मोठे गुन्हे तपासले. त्यातल्या कित्येक आरोपींचे चेहरेही आता आठवत नाहीत. हा गुन्हा मात्र माझ्याच ठाण्यात, माझ्याच कुलपाआड घडला होता.

तेव्हा मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. कायद्याची कलमे पाठ होती, पण पंचनामा लिहायला बसलो की हात अडखळायचा. तो हात धरून मला शिकवले आमच्या मुद्देमाल हवालदारांनी. जप्त केलेली प्रत्येक वस्तू त्यांच्या ताब्यात असे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. "साहेब, आधी बघायचं, मग मोजायचं, मग लिवायचं. आधी लिवून मग बघाय गेला की फसला म्हणून समजा," हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. त्यांचे उपकार मी मानत आलो आहे, आजही मानतो. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

अशात ठाण्याच्या टपालात एक निनावी पोस्टकार्ड आले. त्यावर एकच ओळ होती : ‘ढाब्यावर धरलेली अफू तुमच्या खोलीत नाही.’

दोन वर्षांपूर्वी गडहिंग्लज रस्त्यावरच्या एका ढाब्यावर मीच छापा घातला होता. सापडलेल्या अफूचा नमुना रासायनिक विश्लेषकाकडे गेला आणि ती अफूच असल्याचा अहवाल आला. उरलेला माल, साधारण पावणेदोन किलो, कागदात गुंडाळून, कापडात शिवून, लाखेचे सील लावून आम्ही मुद्देमाल खोलीत ठेवला होता. ढाबेवाला तुरुंगात होता आणि खटल्याची तारीख तीन आठवड्यांवर आली होती.

निनावी अर्ज लिहिणारा बहुतेक वेळा कुणावर तरी डूख धरून असतो. पण आतली गोष्ट माहीत असते तीही अशाच माणसाला. म्हणून मी ते कार्ड फाडून टाकले नाही. दोन पंच बोलावले, सराफाकडून तराजू मागवला आणि अण्णांना खोली उघडायला सांगितली. कशाबद्दल अर्ज आहे हे त्यांना सांगितले नव्हते, तरी त्यांना कळले असावे. मी त्यांच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघत होतो. चोरी करणारा तोंड सांभाळतो, हात सांभाळायचे विसरतो. अण्णांचे हात स्थिर होते.

सील शाबूत होते. न्यायालयाच्या परवानगीशिवाय ते फोडता येत नव्हते, म्हणून पाकिटासकट वजन केले. सील केल्यानंतरचे वजन मूळ पंचनाम्यात लिहिलेले होतेच. ते आताच्या वजनाशी ताडून पाहिले. एका ग्रॅमचाही फरक नव्हता.

‘अर्जात तथ्य नाही’ असा शेरा मारून मी सही केली. मग अण्णांना बाजूला घेऊन म्हणालो, "अण्णा, वाईट वाटून घेऊ नका."

"संशय घ्यायचा न्हाय तर काय पूजा करायची आमची?" ते हसून म्हणाले. "तुमचं कामच हाय की त्ये."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे कामानिमित्त कोल्हापूरला निघालो. वाटेत उचगावात अण्णांचे घर होते. ‘चहा घेऊनच जावा’ म्हणाले, म्हणून जीप थांबवली. ओसरीवर त्यांचे वडील बसले होते. नव्वदीच्या घरातले, वाळलेल्या खारकेसारखे, पण आवाज खणखणीत.

"या पावणं, बसा."

"आबा, पावणं काय म्हणताय? आमचं साहेब हाईत."

"असू देत की. साहेब काय पावणं नसतोय व्हय? का वॉरंट घेऊन आल्यात?"

मी मनापासून हसलो. आदल्या दिवशीच्या संशयाची बोच होती, म्हणून वडिलांसमोर मुलाचे कौतुक करावे असे वाटले. म्हणालो, "आबा, तुमच्या मुलासारखा माणूस खात्यात मिळायचा नाही. दोन वर्षांपूर्वी धरलेली अफू काल मोजली. ग्रॅमभरही कमी भरली नाही."

म्हाताऱ्याच्या बोळक्या तोंडावर हसू आले.

"मग ती अफू न्हवं पावणं."

"म्हणजे?"

"अवो, अफू वाळती! मी संस्थानच्या काळात लायसनच्या अफूच्या दुकानात तराजूवर हुतो. गोऱ्या सरकारचा कायदा लई कडक. माल सरकारी, वजन सरकारी, कुणाला किती द्यायची त्येबी ठरल्यालं. पर वाळणीची सूट त्यास्नीबी द्यावी लागली. तपासनीस यायचा, तराजूला लावायचा. वजन घटलं तर काय बोलायचा न्हाय. घटलं न्हाय, की दुकानदाराची मान धरायचा. म्हणायचा, बोल, काय मिसळलंस? दोन वरसं ठेवली आन् घटली न्हाय? उगं कायतरीच!"

बोलता बोलता त्यांनी कनवटीची डबी काढली, मुगाएवढी काळी गोळी जिभेवर ठेवली आणि चहाचा घोट घेतला. मी बघतोय हे पाहून म्हणाले, "भ्या नगासा. माझं लायसन हाय. पोरगं दर म्हैन्याला सरकारातनं आणून देतंय."

देश स्वतंत्र झाल्यावर ती दुकाने बंद झाली. जुनी सवय लागलेल्यांना पुढे काही वर्षे परवान्यावर थोडी अफू मिळायची. आमच्या भागात तेही केव्हाच संपले होते. हे मला ठाऊक होते, अण्णांनाही ठाऊक होते. फक्त आबांना ठाऊक नव्हते. अण्णा दारात कपबशी घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांच्या हातातली बशी वाजत होती.

कोल्हापूरचे काम तसेच ठेवून मी जीप परत फिरवली. ठाण्यात परतल्यावर मी दार लावून घेतले. त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

"अण्णा, पाकीट न्यायालयापुढं फोडायचं, की आधी तुम्ही सांगताय?"

"गूळ आन् काथ हाय साहेब. एकत्र आटवून, वजन जुळवून घातलाय. आबाचं परमिट बंद झालं. दोन दिवस मिळाली न्हाय तर म्हातारा गुरागत वरडायचा, अंगाची कापडं फाडायचा. मग बाहेरनं घेत हुतो."

"कुणाकडून?"

"त्या ढाबेवाल्याकडनंच. आन् त्यालाच आपण धरला. छाप्याला मीबी हुतोच की तुमच्यासंगं."

"विकली का?"

"आबाच्या पोटात गेली तेवढीच. बाकीची घरात हाय."

घराच्या झडतीत धान्याच्या कणगीत डबा सापडला. पण त्यातली थोडीही बाहेर गेली नाही, यावर मी पूर्ण विश्वास ठेवू शकलो नाही. आजही ठेवू शकत नाही. एकदा संशय घेतला की तो आपल्या सोयीने परत घेता येत नाही.

सील पुन्हा कसे लावले, हे त्यांना विचारायची गरजच नव्हती. पितळी सील मी माझ्याकडे ठेवायला हवे होते. रोज कोण काढून देणार, म्हणून ते अण्णांच्याच ड्रॉवरमध्ये असायचे. किल्ली आणि सील एकाच हातात होते, आणि तो हात ज्याने मला लिहायला शिकवले त्याचा होता, म्हणून मला त्यात काही गैर दिसले नाही. माझ्या अहवालात मी हेही लिहिले. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली, ती योग्यच होती. ढाबेवाला सुटला. ते पोस्टकार्ड कुणी टाकले, हे कधीच कळले नाही. अण्णांना शिक्षा झाली, नोकरी गेली, पेन्शन गेली.

आबांना मी स्वतः सरकारी दवाखान्यात दाखल केले. डॉक्टरांनी हळूहळू मात्रा कमी केली. त्यांचा जबाब घ्यायला मी खाटेशेजारी बसलो. अंगठा उठवून झाल्यावर त्यांनी माझा हात सोडला नाही.

"साहेब," ते म्हणाले. पहिल्यांदाच साहेब म्हणाले. "त्या दिवशी मी गप बसलो असतो, तर माझं पोरगं वाचलं असतं का वो?"

नोकरीने मला शिकवले की चूक शोधताना आपण नेहमी कमी काय आहे ते बघतो. जिथे सगळे तंतोतंत जुळते, तिथे आपण सही करून मोकळे होतो. पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला मी हे सांगितले. त्या म्हाताऱ्याला मात्र सांगितले नाही.

"नाही आबा," मी म्हणालो. "तरीही मला कळलंच असतं."

नसते कळले.