दिव्यावरची टिकली

नोकरीत असताना मी एकदा चक्क सर्व्हरला टिकली लावली होती. आमच्या रेडिओ केंद्रातली जुनी ध्वनिमुद्रणं त्या यंत्रात होती. आतलं काही बिघडू लागलं की त्याचा पिवळा दिवा लुकलुकायचा. एके दिवशी तो लुकलुकू लागला. मी अतिशहाणी! म्हटलं, दिव्यालाच काहीतरी झालंय. डोळ्यांना त्रास नको म्हणून कपाळावरची टिकली काढली आणि आरशावर चिकटवावी तशी त्याच्यावर चिकटवली. आठवड्यात यंत्र बंद पडलं, सगळे आवाज गेले.

आता इन्व्हर्टरचा दिवा लुकलुकला तरी मी तव्यावरची पोळी सोडून धावते. नात हसते, "आजी, बॅटरी चार्ज होतेय गं!" हसू दे बापडी. टिकलीखाली तो दिवा किती दिवस एकटाच लुकलुकत राहिला असेल, हे माझ्या मनातून जात नाही.

त्या यंत्रात एका भजनी गायकाची एकुलती एक मुलाखत होती. तो अचानक वारला, आणि महिन्याभराने त्याची बायको आवाज ऐकायला आली. मी सगळं कबूल केलं. बंद पडलेल्या यंत्रावर ती टिकली अजून तशीच होती; तिनं तिच्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तुमच्या यंत्रानं निदान आधी सांगितलं तरी, बाई. आमचे हे काही न बोलताच गेले."