सत्तारभाईंचं छप्पर

आमच्या गल्लीत विजेची लाइन गेली की सगळ्यांत आधी सत्तारभाईंचा आवाज यायचा. गाद्या भरायचं दुकान सोडून ते भर रस्त्यात येऊन उभे राहत. भुवयांवर कापूस, कानांच्या पाळ्यांवर कापूस. तिथूनच एकेका दाराला हाक टाकत. "कंडक्टर, तुमची गेली का? काकू, तुमची?" सगळीकडून होकार आला की चेहरा उजळायचा. "सगळ्यायचीच गेली नं? मंग ठीक हाय!" मग ओट्यावर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत ते कुणाची ना कुणाची थट्टा सुरू करत.

एकाच घरची लाइन गेलेली निघाली तर मात्र त्यांना चैन पडत नसे. स्वतःच्या घरून वायर ओढून तिथं एक बल्ब लावून देईपर्यंत ते चहालाही हात लावत नसत.

मी एसटीत कंडक्टर होतो. राळेगावजवळच्या आमच्या गावात त्यांचं दुकान आणि माझं घर भिंतीला भिंत लागून. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट मी पुष्कळ वर्षं चुकीची चालू दिली. ती आता नीट सांगतो.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी सोसाट्याचं वावधान सुटलं. खांब आडवे झाले, लाइन गेली, आणि माझ्या बैठकीचे पत्रे उडून समोरच्या कडुनिंबाला गुंडाळले गेले. मी त्यांवर नुसते दगड ठेवले होते. "कंडक्टर, हुक मारून घ्या. वावधान काय तिकीट काढून येते?" असं सत्तारभाई दर उन्हाळ्यात म्हणायचे आणि मी दर उन्हाळ्यात हसायचो.

नेमके दुसऱ्या दिवशी माझ्या वैशालीला पाहायला पाहुणे येणार होते. मुलगा तिच्याच कॉलेजातला, दोघांची पसंती आधीच झालेली. त्याच्या वडिलांचं, देवरावांचं, मन तेवढं घट्ट होत नव्हतं. "घर पाहू, मंग बोलू," असा त्यांचा निरोप होता. आणि घराला छप्परच नव्हतं. येऊ नका म्हणावं, तर मोबाइलचा टॉवरही बंद. माझी बायको मंदा बैठकीत उभी राहून वर बघत होती. वर लख्ख आभाळ.

सकाळी सत्तारभाई रस्त्यात आले. लाइन सगळ्यांचीच गेली आहे, अशी खात्री करून घेतली. मग त्यांची नजर वर गेली. आख्ख्या गल्लीत छप्पर फक्त माझं उडालं होतं.

"तुमचं एकट्याचंच गेलं? हे काही ठीक नाही, कंडक्टर."

थोड्या वेळानं ठोकाठोकी ऐकू आली. बाहेर येऊन बघतो तर सत्तारभाई शिडी लावून स्वतःच्या दुकानाचे पत्रे काढत होते.

"सत्तारभाई, हे काय करून राह्यले?"

"लाइन नाही, मशीन बंद. बंद दुकानाले छप्पर कायले लागते? पाहून काय राह्यले, धरा इकडून!"

पाहुणे यायच्या आत माझी बैठक झाकली गेली, आणि हुकांसकट. फक्त घाईत एक घोटाळा झाला. त्यांतला एक पत्रा त्यांच्या दुकानाची जुनी पाटी होती आणि अक्षरांची बाजू खाली आली. बैठकीत बसून वर बघितलं की लाल रंगात दिसायचं : 'येथे गाद्या भरून मिळतील.'

देवराव आले. घामानं भिजलेले. "लाइन नाही वाटते?"

स्वच्छ सदरा घालून पुठ्ठ्यानं वारा घालणाऱ्या सत्तारभाईंनी उलट विचारलं, "तुमच्या गावाची हाय का?"

"नाही जी, कालपासून गेली."

"मंग ठीक हाय!"

सगळे हसले. देवराव मागे रेलले, त्यांची मान वर गेली, आणि त्यांनी ती लाल अक्षरं मोठ्यानं वाचली. सत्तारभाईंचा पुठ्ठा थांबलासुद्धा नाही.

"जाहिरात हाय माही. कंडक्टरच्या घरी येणारे-जाणारे लय. म्हटलं, इथंच लावू द्या."

देवराव ठसका लागेपर्यंत हसले. निघताना म्हणाले, "रस्त्यानं घरंच्या घरं उघडी दिसली. तुमचं एक टिन नाही हाललं! घर असं पाहिजे."

मी गप्प राहायला हवं होतं. मी म्हणालो, "हुक मारले होते."

"यायचं काम लय पक्कं असते," सत्तारभाई माझ्याकडे बोट करून म्हणाले, अगदी गंभीरपणे.

सोयरीक जमली. त्याच संध्याकाळी पुन्हा पाऊस आला. लग्नसराईचा सगळा कापूस दुकानात उघडा पडला होता. मी ताडपत्री घेऊन पोचेपर्यंत तो भिजून चिंब झाला होता.

"कापूस हाय, वाळते. तुम्ही तोंड काहून पाडता?" तो कापूस त्यांनी उन्हात घातला, लाइन आल्यावर पुन्हा पिंजला, आणि वैशालीच्या लग्नाची गादी त्यातूनच भरली. पत्रे मात्र परत घेतले नाहीत. "लागले तिथं राहू द्या."

देवराव मग दर लग्नकार्यात व्याह्याच्या पक्क्या छपराची गोष्ट सांगू लागले. सत्तारभाई तिथं असले की माझ्याकडे न बघता मान हलवायचे. मी कौतुक घेत राहिलो. गेल्या वर्षी सत्तारभाई वारले, आणि ती गोष्ट दुरुस्त करणं माझ्या एकट्यावर उरलं.

यंदा वावधानानं देवरावांचेच पत्रे नेले. मी भेटायला गेलो. "तुमच्यासारखं काम पाहिजे होतं," ते म्हणाले. तेव्हा मी सगळं सांगितलं. वैशाली दारात उभी राहून ऐकत होती.

देवरावांनी मान वर करून उघड्या आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्या रोजी पाऊस आला, तवा त्यायच्या दुकानावर काय होतं?"

"काहीच नव्हतं."

वैशाली आत गेली आणि ती गादी उचलून घेऊन आली. देवरावांनी गादीवर हात फिरवला. मग एकाएकी त्यांना हसू फुटलं. "गाद्या भरून मिळतील!" म्हणाले आणि डोळे पुसले.

देवराव ती गोष्ट अजूनही लग्नात सांगतात, आता सुरुवातीपासून, सत्तारभाईंचं नाव घेऊन. शेवटी माझ्याकडे बोट करतात, "यायचं काम लय कच्चं असते!" मांडवभर हशा होतो. मी मान हलवतो, अगदी गंभीरपणे.