न उगवलेले सोयाबीन

डॉ. हमीद सरांना पंच्याहत्तरावे वर्ष लागले, म्हणून नांदेडच्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी या गौरवग्रंथासाठी लेख मागितला. सरांना स्तुती सोसत नाही. त्यामुळे घडले तेवढेच लिहिते.

पहिली भेट त्यांच्या प्रयोगशाळेत झाली. मी लोह्याहून संशोधनासाठी नाव नोंदवायला आले होते. सरांनी माझे गुणपत्रक बाजूला सारले आणि स्वतःच्या बाहीची गुंडी काजात घालून दाखवली. त्यांचे वडील शिंपी होते. "प्रथिन म्हणजे लांबलचक साखळी. तिची नेमकी घडी पडली तरच ती कामाची. पेशीत एक प्रथिन दुसऱ्यात असं बसतं. इस्त्रीनं गुंडी वितळली, तर प्लास्टिक तेवढंच राहतं, पण काजात बसत न्हाई." मी ते वहीत उतरवले आणि विसरले.

माझा विषय होता सोयाबीनमधले एक प्रथिन. आपल्या पोटात अन्नातली प्रथिने तोडणारे ट्रिप्सिन असते. त्याच्या खाचेत बसून सोयाबीनचे हे प्रथिन त्याचे काम थांबवते. माझ्या परीक्षानळीत मात्र ते काही केल्या थांबवेना. नोंदणी पक्की व्हायची मुदत संपत आलेली. मी ट्रिप्सिनच्या बाटलीला दोष दिला, मग पाण्याला, मग नशिबाला. नाचता येईना, अंगण वाकडे!

सरांनी माझ्या प्रयोगाच्या डब्यातले मूठभर सोयाबीनचे दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. चार दिवसांनी सोडले, तर एकालाही मोड नाही.

"दाणे कुठले?"

"घरचे. आईनं दिले."

दुसऱ्या दिवशी सर माझ्यासोबत लोह्याला आले. आई म्हणाली, "किडं लागू न्हाई म्हनून लई जपून भाजले, सर. पोरीच्या शिक्षनाचे हायेत." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. सरांनी मात्र वही उघडली. "माय, आच किती होती? किती वेळ भाजले?"

परतताना ते मला म्हणाले, "प्रथिन खोटं बोललं न्हाई. भाजून घडी मोडली की त्याचं काम थांबतं, हेच तू सहा महिने दाखवून राहिलीस." कच्च्या आणि भाजलेल्या दाण्यांची तुलना हेच पुढे माझ्या प्रबंधाचे मुख्य प्रकरण झाले. ऋणनिर्देशात आईचे नाव सरांनी आपल्या नावाच्या वर घालायला लावले.

आता मी लातूरला शिकवते. कुणाचा प्रयोग फसला की आधी माझा पारा चढतो, मग ते फडके आठवते. सरांचे ऋण मला फार वाटते, हे इथे तरी सांगायला हवे.

सरांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, असे मी लिहिते आहे. आईने सत्काराला न्यायला दाण्यांची पिशवी भरून ठेवली आहे. "सरान्ला सांग," ती म्हणाली, "ह्ये भाजले न्हाईत. पेरा म्हनावं, आन् दरसाली उगवलेलं बघाया ऱ्हावा."