बर्फमावशी आणि समुद्रघोडे

बर्फमावशी आमच्या वरच्या मजल्यावर राहते. हे नाव मुलांनी ठेवलेलं आहे आणि तिला ते अजिबात आवडत नाही. "बाई, माझ्या यंत्रात बर्फ झाला म्हणजे माझं काम बिघडलं," असं तिने मला जिन्यात थांबवून कितीतरी वेळा सांगितलं आहे. खाऱ्या पाण्यातले मासे पाळणारे लोक पाणी गार ठेवायला चिलर नावाचं यंत्र लावतात. ते साफ करायचं, तुंबलं तर मोकळं करायचं, हा तिचा धंदा. पंप माशांच्या काचेच्या पेटीतलं पाणी खेचतो, चिलरमधल्या नळीतून फिरवतो आणि गार करून परत सोडतो. वाट तुंबली की पाणी आत रेंगाळतं, रेंगाळून गोठतं, आणि इकडे पेटी तापत जाते. हे सगळं मला तिनेच शिकवलं. निवृत्त माणसाला शिकायला वेळ असतो.

तिच्या खिडकीत काचेच्या बाटल्या मांडलेल्या आहेत. नळ्यांमधून जे जे निघालं ते त्यांत ठेवलेलं: तांदळाएवढे शंख, किड्यांनी बांधलेली खडूसारखी घरं, एकदा तर कुणाच्या तरी कानातला मोती. "अंधारात, पाइपाच्या आत, हे जगतात कशावर?" ती मला विचारते. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेली मी बाटली उजेडात धरून बघते.

एक गोष्ट मात्र मला बरेच दिवस खटकत होती. मावशी पेटीत कोपरापर्यंत हात घालते, पण मान वळवून, सुई टोचून घेणाऱ्या माणसासारखी. माशांकडे कधी बघत नाही. कारण तिच्या धाकट्या भावाकडून कळलं. दोघं पूर्वी फ्रिज दुरुस्त करायची. खाऱ्या पाण्याचं पहिलंच काम आलं तेव्हा गळक्या नळीच्या जागी तिने सवयीने तांब्याचा तुकडा बसवला. खाऱ्या पाण्यात तांबं उतरतं, आणि माशांना ते विष. दुसऱ्या दिवशी पेटीत काहीच हलत नव्हतं. "तेव्हापासून ताईचं नातं पाण्याशी," भाऊ म्हणाला. "माशांशी नाही."

परवा मी चष्म्याची काडी बसवून घ्यायला निघाले, तेव्हा मावशी जिन्यात भेटली, खांद्यावर हत्यारांची पिशवी. तिलाही चष्मेवाल्यानेच बोलावलं होतं. त्याच्या दुकानात फ्रेमांच्या कपाटाशेजारच्या पेटीत समुद्रघोड्यांची एक जोडी आहे.

"मावशी, सकाळपासून पाणी तापतंय," तो दारातच म्हणाला. "नराचं पोट बघा. आज-उद्या पिल्लं होणार. असल्या पाण्यात तो टिकायचा नाही."

"नराचं पोट?" मी विचारलं.

"यांच्यात बाप पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवतो."

खुर्चीत बसलेल्या त्याच्या आईने, सगळ्यांच्या आजींनी, डोळे न उघडताच सांगितलं, "आमच्या वेळी अशी सोय नव्हती हो, बाई."

मावशीने परतीच्या पाइपाला कान लावला, मग हाताने धार अजमावली. म्हाताऱ्या माणसाच्या चालीसारखं पाणी येत होतं. तिने चिलर सोडवला, बादलीत पाणी आणि व्हिनेगर घेतलं आणि लहान पंपाने ते नळीतून फिरवत ठेवलं. बादलीत फेस आला, पांढरे कण आले, एक शंख आला. तो लगेच बाटलीत गेला.

"दुकान आहे की धोबीघाट?" आजी नाक दाबून म्हणाल्या.

नळी गोड्या पाण्याने खळखळून धुतली, चिलर परत जोडला. धार तेवढीच.

मावशी टाचांवर बसून राहिली. "यंत्र मोकळं आहे. मग पाणी अडतंय कुठे?"

राहिला पंप. तो पेटीत, दगडाच्या मागे. नुसता हात घालून समजेना, म्हणून तिने चेहरा काचेला लावला. मी तिच्या मागून वाकून बघत होते. समुद्रघोडा तिच्या नाकासमोरच होता, फुगलेलं पोट सांभाळत एका काडीला शेपटी गुंडाळून. दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

"याला हे काय बांधलंय?" तिने पंपाच्या तोंडाकडे बोट दाखवलं.

चष्मेवाला ओशाळला. "चष्मा पुसायचं कापड. पिल्लं आत ओढली जाऊ नयेत म्हणून मीच काल बांधलं."

"अहो, धुळीचा कणही धरून ठेवतं म्हणून तर तुम्ही ते कापड गिऱ्हाइकाला देता." कापडावर बुळबुळीत थर चढला होता. "मीही शहाणीच. आधी तोंड बघायचं सोडून पोट साफ करत बसले."

पण पेच सुटला नव्हता. कापड काढलं तर पिल्लं पंपात जाणार, ठेवलं तर बाप जाणार.

"बाई," तिने एकदम मला विचारलं, "शाळा सुटताना दारात मुलं चेंगरायची, तेव्हा काय करायचात?"

"सगळी दारं उघडायचो."

ती उठली आणि तिने आजींची बिस्किटांची प्लास्टिकची बरणी मागितली. आजींनी बिस्किटं ओढणीत ओतून घेतली आणि बरणी दिली. काचांना भोकं पाडायच्या बारीक ड्रिलने चष्मेवाल्याने बरणीची चाळण केली. वर मच्छरदाणीचा तुकडा.

"यात तार नाही ना?" मावशीने विचारलं. नाही, असं त्याने सांगितलं. तिने तो उजेडात धरला, चिमटीत चोळला आणि पुन्हा विचारलं, "एकही नाही ना?" मग अर्ध्या फ्रेमच्या चष्म्याला लावतात त्या नायलॉनच्या दोऱ्याने जाळी घट्ट आवळली, सगळं धुतलं आणि पंप त्या बरणीत बसवला. ओढ तेवढीच, पण चहूकडे वाटली गेली. धार सुटली. दुपार कलेपर्यंत पाणी गार झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझं दार वाजवलं. "तुमचा चष्मा आणायचा राहिलाय ना?"

चष्मा माझ्या नाकावर होता. मी चपला घातल्या.

पिल्लं झाली होती. स्वल्पविराम पाण्यात उधळावेत तशी. बाप कोपऱ्यात सपाट पोटाने विसावला होता. पण चष्मेवाल्याचा चेहरा उतरलेला. पुष्कळशी पिल्लं बरणीच्या जाळीला चिकटलेली दिसत होती.

"ओढली गेली," तो म्हणाला.

मावशीने पंप बंद केला आणि गुडघे टेकून काचेला डोळे लावले. ओढ थांबली, तरी एकही पिल्लू सुटून आलं नाही. चष्मेवाल्याने तोंड फिरवलं.

"बाई, इकडे या. शेपटी बघा."

मी वाकले. केसाएवढी शेपटी जाळीच्या धाग्याभोवती गुंडाळलेली होती. बघता बघता एकाने ती सोडवली, जरा तरंगलं आणि शेजारचा धागा धरला.

"अडकली नाहीत," मावशी म्हणाली. "धरून बसलीत."

तिने पंप चालू केला. जाळी जराशी थरथरली. धाग्यावरची पिल्लं जागच्या जागी डोलली. ज्याला जायचं होतं ते धागा सोडून सहज निघून गेलं. आजी काठी टेकत बघायला आल्या. चष्मेवाल्याने गिऱ्हाइकाचं स्टूल पुढे सरकवलं, तशी मावशी पिशवी न उघडताच त्यावर बसली.

"हे एवढंसं तोंड," तिने काचेवर बोट ठेवून विचारलं. "खातात तरी काय ही?"