दामाजी वैतीची डहाळी

आमच्या कोलशेतात दामाजी वैतीला कोणी विचारलं, "काय काम करतोस रे नौपाड्यात?" तर तो सांगायचा, "कंस टाईप करतो." ऐकणाऱ्याला वाटायचं, टिंगल करतोय. पण ते खरंच होतं.

नौपाड्यात दातांच्या एका दवाखान्याच्या वर दोन खोल्यांत जंगलं वाचवणाऱ्या संस्थेचं ऑफिस होतं. शहाऐंशी साली दामाजी तिथं टायपिस्ट म्हणून लागलेला. कोळ्याचा पोर, पण बोटं अशी चालायची की वाटावं कोळंबी सोलतोय. तेव्हा जगातले गरम देश, थंड देश आणि त्यांच्या पाठी लागलेल्या संस्था मिळून जंगलांचा एक मसुदा करत होत्या. हवा तापत चाललीय, जंगलं राखली पाहिजेत, एवढं सगळ्यांना कबूल. कशी राखायची यावर मात्र रोज भांडण. ज्या वाक्यावर भांडण, ते चौकटी कंसात घालायचं. भांडण मिटलं की कंस काढायचा. परदेशातून फॅक्स यायचा, दामाजी सगळं पुन्हा टाईप करायचा, पुन्हा कंस घालायचा.

"नऊ वर्सांत कंस घातले पोतंभर, काढले मूठभर," असं तो सांगायचा.

त्यातलं एक वाक्य त्याच्या जिवाचं होतं. जंगलाची राखण करणाऱ्या गावांना त्यातून पोट भरायचा हक्क राहील. हे वाक्य पहिल्या दिवसापासून कंसात. कारण समोरच्या बाजूचं म्हणणं असं, की जंगल राखायचं तर आत माणूसच नको. आणि आमच्या खाडीतलं तिवरांचं रान त्याच मसुद्याच्या मापानं राखायचं सरकारात घाटत होतं. तिवर म्हणजे खाऱ्या चिखलात उगवणारं झाड. त्याच्या मुळांत चिंबोरी, म्हणजे खेकडा, राहते, बोईट माशाची पिल्लं मोठी होतात, आणि त्यावर आमचं अर्धं गाव जेवतं. आत माणूसच नको म्हटल्यावर गावानं खायचं काय, फॅक्सचे कागद?

आता गाव ते रान कसं राखतं, ते सांगायला हवं. खाडीच्या एका फाट्यात तिवरं दाट. पौष सरला की तो फाटा बंद. तोंडाशी एक खुंट रोवलेला आहे, त्याला तिवराची हिरवी डहाळी लाल फडक्यानं बांधायची. डहाळी आहे तोवर आत जाळं नाही, गळ नाही, कोयता नाही. शिमग्याला डहाळी उतरवायची, हात वर करून गावाला दाखवायची, की फाटा उघडला. जो आधी घुसेल त्याला चांगली जागा. म्हणून त्या दिवशी होड्या अशा सुटतात की नवरीच्या मागे वऱ्हाड काय धावेल. डहाळी बांधायचा आणि उतरवायचा मान वैत्यांच्या घराचा. दुसऱ्या कोणी हात लावला तर तो हात लावलाच नाही असं धरायचं. दामाजीचा बाप नामा चौऱ्याऐंशी साली गेला आणि मान दामाजीकडे आला. शर्टाच्या खिशाला पेन लावून तो खुंटाला डहाळी बांधायचा. म्हाताऱ्या हसायच्या, पण बांधू द्यायच्या.

पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत ऑफिसच्या वासंतीताईंनी त्याला बोलावलं. ताई सदाशिव पेठेतल्या, बोलणं पुस्तकासारखं.

"दामाजी, मसुद्याच्या समितीतले दोघे जण मुंबईत येत आहेत. नॉर्वेचे हाल्वर्सन आणि ब्राझीलच्या लूर्देसबाई. हाल्वर्सन आपल्या वाक्याच्या विरोधात आहेत. त्यांचं म्हणणं, माणूस जंगल राखतो हे मी कागदावर खूप वाचलं, डोळ्यांनी कुठे पाहिलं नाही. मी त्यांना तुमच्या गावी आणते. तुम्ही दाखवा."

"दाखवतो की, ताई."

"मार्चमध्ये जिनिव्हाला शेवटची बैठक आहे. तिथे ते वाक्य राहील, नाहीतर कायमचं जाईल. लक्षात आहे ना?"

दामाजीला त्या आठवड्यात जेवण गोड लागलं नाही. त्याची बायको मंजुळा कळव्याची, फटकळ. ती म्हणाली, "पावणं येतान तं यवरा घाबरतंस कनाला? तुला डहालीच दावायची हाय, लगीन नाय लावायचं."

पाहुणे आले त्या दिवशी सकाळची भरती होती. परदेशी माणसं बघायला सगळं गाव बांधावर. पुरुषमंडळी होड्यांना पताका लावून पाण्यात उभी. होड्यांत जाळी होतीच. जाळी होडीत नाही ठेवणार तर काय कपाटात?

पाहुण्यांच्या होडीत पुढे बसली दामाजीची आत्या आवडाबाई. गावकीत, म्हणजे गावच्या पंचांत, बायकांनी बसायची रीत नव्हती, पण तिथंही आवडाबाईला ऊठ म्हणायची कोणाची छाती नव्हती. मध्ये वासंतीताई, लूर्देसबाई आणि हाल्वर्सन, मागे वल्ह्यावर दामाजी. हाल्वर्सन उंच, गोरा, पायात चकचकीत तपकिरी बूट. लूर्देसबाई सावळी, जाडगेली, आल्याआल्या आवडाबाईच्या हातचा भाकरीचा तुकडा खाऊन मोकळी झालेली.

खुंटाशी होडी लागली. दामाजीनं टायपिंगमधल्या इंग्रजीत सगळं समजावलं. या डहाळीच्या पुढे दीड महिना एकही जाळं जात नाही. शिपाई नाही, कुंपण नाही, पाटी नाही.

"एकही नाही?" हाल्वर्सननं विचारलं.

"एकही नाही, सर."

लूर्देसबाईनं कॅमेरा काढला. "डहाळी नीट दिसत नाही. जरा उजेडात धरता?"

आणि नऊ वर्षं ऑफिसात "यस मॅडम" म्हणायची सवय लागलेल्या आमच्या दामाजीनं लाल फडकं सोडलं, डहाळी काढली, आणि फोटोत चांगली यावी म्हणून हात वर करून धरली.

बांधावरून एकच आरोळी उठली.

आवडाबाईनं कपाळावर हात मारला. "मेल्या दाम्या! काय केलंस रं!"

दामाजीला कळेपर्यंत बावीस होड्या सुटलेल्या. पताका फडफडतायत, वल्ही पाणी कापतायत, लोक एकमेकांना शिव्या देत पुढे काढतायत. पाहुण्यांच्या होडीला दोन्हीकडून पाणी उडालं. दामाजीचा चुलतभाऊ भिवाजी सगळ्यांच्या पुढे. त्यानं जाता जाता जाळं टाकलंसुद्धा.

हाल्वर्सननं शांतपणे घड्याळ बघितलं. "तुमचा दीड महिना लवकर संपला."

वासंतीताईंचा चेहरा चुन्यासारखा. दामाजी होडीत उभा राहून बोंबलायला लागला, "भिवादादा! थांबा रं! जाली काढा!"

भिवाजीनं होडी वळवून जवळ आणली. "काढा कशी? फाटा उघरला ना."

"मी उघरला नाय! फकस्त दावत होतो!"

"दावाला कोन उतरवतं रं? पावन्यांना दावाला बायकोचा मंगलसूत सोडून देतंस काय?" बाकीच्या होड्यांतून हसू फुटलं. "वैत्याच्या हातानं उतरली ती उतरली. तुज्या बापानं कधी उतरवून परत बांधली?"

हे खरं होतं. नामानं कधी तशी चूक केली नव्हती, म्हणून तिच्यावर नियमही नव्हता. सगळे आवडाबाईकडे बघायला लागले. तिनं पदर खोचला.

"आयका. वैत्यानं उतरवली, ही खरी गोष्ट. येड्यासारखी उतरवली, ही पन खरी. भिवा, तुज्या जाल्यात काय हाय?"

भिवाजीनं जाळं उचललं. तीन चिंबोऱ्या, पोटाखाली अंड्यांचे नारिंगी घोस.

"बग. पोटुशी हाय. हिला खाल्लीस तं शिमग्याला काय चिखल खाशील?"

भिवाजीनं जाळं होडीत ठेवलं. मग म्हणाला, "मंग दंड कोन भरल? आमी यवरी वल्ही मारली ती फुकट?"

"दंड दाम्या भरल. शिमग्याला गावजेवान. त्याच्या घरचा."

"बावीस होऱ्यांचा?" दामाजीनं विचारलं.

"बायकापोरांसकट," आवडाबाई म्हणाली. "आन बोललास तं कलव्याची सासुरवाडी पन बोलवीन."

"बोलू नको रं दाम्या!" भिवाजी घाईघाईनं म्हणाला. "ती मानसं लय खातान."

पण एवढ्यानं भागत नव्हतं. उतरलेली डहाळी परत बांधत नाहीत. नवी हिरवी तोडून आणावी लागते, तीही मानकऱ्याच्या हातानं. दामाजी ऑफिसची पँट घालून चिखलात उतरला आणि मांडीपर्यंत गेला. त्याला ओढायला म्हणून हाल्वर्सननं होडीतून हात दिला, आणि हा एवढा उंच माणूस डोलकाठीसारखा वाकत वाकत चिखलात आला. बांधावरची पोरं नाचायला लागली. लूर्देसबाईनं चपला काढल्या, स्कर्ट वर खोचला आणि पाय पसरून, वजन पुढे टाकत चिखलावरून अशी चालत गेली, की आवडाबाई म्हणाली, "ही बाय आपल्यातली हाय."

लूर्देसबाईनं दोघांना बाहेर काढलं. हाल्वर्सनचा एक बूट आला, दुसरा खाडीनं ठेवून घेतला.

दामाजीनं हिरवी डहाळी तोडली, खुंटाला बांधली. भिवाजीनं तिन्ही चिंबोऱ्या हलक्या हातानं पाण्यात सोडल्या. मग कोणी काही न सांगता बावीस होड्या वळल्या आणि फाट्याबाहेर आल्या. कुरकुर होती, शिव्याही होत्या. पण आत एक होडी राहिली नाही.

हाल्वर्सन एका बुटानं होडीत बसून ते बघत होता. "आणि उद्या पहाटे कोणी गुपचूप आत गेला तर?"

दामाजीनं आवडाबाईला विचारून सांगितलं, "गेला तर त्याच्या पोराला गावातली सोयरीक मिळत नाही."

लूर्देसबाई खळखळून हसली. म्हणाली, आमच्या नदीकाठी तळी अशीच बंद करतात, फक्त डहाळीच्या जागी तुटकं वल्हं असतं. हाल्वर्सन हसला नाही. म्हणाला, "मी पाहिलं ते पाहिलं. पण एका गावाच्या खुंटावरून मी जगासाठी वाक्य कसं मान्य करू? जिनिव्हात बघू."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वासंतीताईंनी दामाजीलाच जिनिव्हाला नेलं. त्यानं भिवाजीच्या लग्नातला कोट घातलेला, बाह्या आखूड. मोठं सभागृह, प्रत्येकापुढे नावाची पाटी. बोलायचं असलं की पाटी उभी करायची. ताईंनी हे सांगितलं मात्र, दामाजीनं दोन्ही हात मांडीखाली घातले. आपण एक डहाळी उचलली तर बावीस होड्या सुटल्या, इथं पाटी उचलली तर काय सुटेल कोण जाणे! तीन दिवस त्यानं पाण्याच्या ग्लासालाही विचारल्याशिवाय हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते वाक्य आलं. एक गृहस्थ उठून म्हणाले, जंगलातून पोट भरणारा जंगल रिकामंच करणार, हे वाक्य काढून टाका. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. अध्यक्षांनी विचारलं, कोणाची हरकत? वासंतीताईंनी दामाजीकडे पाहिलं. समोरून लूर्देसबाई हातानं खुणावत होती, उचल, उचल.

दामाजीनं मांडीखालून हात काढला आणि पाटी उभी केली.

त्यानं भाषण केलं नाही. फाटा, खुंट, कॅमेरा, बावीस होड्या, तीन चिंबोऱ्या, सगळं क्रमानं सांगितलं. शेवटी म्हणाला, "सर, मी चोर नव्हतो. राखणदार होतो. तरी दंड मलाच झाला. गावाला पोट आहे म्हणून गावानं दंड केला. पोट नसतं तर कोणाला पडली होती?"

मग हाल्वर्सनची पाटी उभी राहिली.

"मी तिथे होतो," तो म्हणाला. "माझा डावा बूट अजून तिथेच आहे. माझी हरकत मी मागे घेतो."

लोक हसले. ज्यांनी माना डोलावल्या होत्या तेही हसले, आणि हसलेल्या माणसाला लगेच भांडता येत नाही. ते गृहस्थ काही वेळ कुरकुरले, 'राखण करणाऱ्या' हे शब्द त्यांनी दोनदा वाचून घेतले, आणि बसले. अध्यक्षांनी पेन्सिलीनं कंस खोडला. दामाजीनं तो कागद मागून घेतला आणि बोटानं चाचपून बघितला.

शिमग्याला दामाजीनं डहाळी उतरवली. त्या वर्षापासून भिवाजी खुंटाजवळ होडी लावून बसतो आणि गावकी हो म्हणेपर्यंत दामाजीचा हात धरून ठेवतो, तसा त्या दिवशीही बसलेला. संध्याकाळी वैत्यांच्या अंगणात गावजेवण झालं. चिंबोरीचं कालवण, तळलेलं बोईट, तांदळाच्या भाकऱ्या. कळव्याची सासुरवाडी न बोलावता आली आणि भिवाजी म्हणाला त्यापेक्षा जास्त जेवली.

आवडाबाईनं हात धुतले आणि विचारलं, "काय रं, काय लिवलंन त्या कागदाव?"

दामाजीनं मराठीत वाचून दाखवलं. जंगलाची राखण करणाऱ्या गावांना त्यातून पोट भरायचा हक्क राहील.

"यवराच?"

"यवराच, आत्या."

"यवऱ्यासाठी नव वर्सं? मना इचारला असता तं होरीतच सांगला असता." मग मंजुळेकडे वळून म्हणाली, "त्याला अजून एक चिंबोरी वाढ. मोठी बगून. आन कालवणाच्या टोपाला त्याला हात लावाला देऊ नको."