सारजाबाईंची पुणेरी पाथरी

पिंपरी पेंढारच्या सारजाबाई लग्नाला गेल्या, तरी परतताना त्यांच्या पदराला कुणाच्या तरी परसातलं घेवड्याचं बी बांधलेलं असे. अठ्ठ्याण्णव साली त्यांच्या भावाने, हौशीरामने, लेट्यूसच्या बियांची पुडी आणली. तो पुण्यात एका बंगल्यावर माळीकाम करी. लाल ठिपक्यांचं हे वाण तिथल्या आजींनी चाळीस वर्षं जपलं होतं. आता बंगला पाडून फ्लॅट होणार होते.

"बी तुज्यापाशी ऱ्हाऊ दे, अक्का. पुढल्या साली आजींना कुंडीपुरतं दिलंस म्हंजे झालं."

सारजाबाईंनी न्हाणीच्या पाण्यावर दोन वाफे उठवले. पाल्याला लसणाची फोडणी दिली, तर टोपलीभर पाल्याची चमचाभर भाजी झाली. मग त्यांनी देठ मोडून पाहिला. पांढरा चीक आला.

"ही तर आपली रानातली पाथरी. पुण्यात ऱ्हाऊन अंगानं भरली, यवढंच."

मग तो पाला पाथरीसारखाच कच्चा, दाण्याचा कूट लावून भाकरीबरोबर खपू लागला.

फेब्रुवारीअखेर झाडांनी दांडे काढले, पिवळी फुलं येऊन गेली. बी भरत होतं. अशात सारजाबाई ओझरला गणपतीला गेल्या आणि त्यांचे यजमान रखमाजी परसात शिरले. रखमाजी जातिवंत कांदेवाले. कांद्यात फुलाचा दांडा, म्हणजे डेंगळा, दिसला की उपटायचा, हा त्यांचा धर्म. बायकोचं काम आपण करून ठेवावं अशी दुर्बुद्धी त्यांना वर्षातून एकदाच होई.

"समदे डेंगळे काढले," संध्याकाळी ते ऐटीत म्हणाले.

"लई उपकार झाले. आता आजींना काय तुमचं धोतर धाडू?"

सारजाबाईंनी ती उपटलेली झाडं पडवीत उलटी टांगली, खाली जुनं लुगडं अंथरलं आणि राखणीला रखमाजींना बसवलं. या बियांना कापूस फुटतो, त्या वाऱ्यावर उडतात. पंधरा दिवस रखमाजींनी चिमण्या हाकल्या.

"भाऊ, तपकीर तरी वढा," शेजारच्या लंकाबाई म्हणाल्या.

"नाय. शिंक आली तर वाण बुडंल."

मूठभर बी निघालं. पण जिवंत होतं का? सारजाबाईंनी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून माठाखाली ठेवले. रखमाजींना त्या दिवसांत भलतीच तहान लागे. चौथ्या सकाळी फडकं त्यांनीच सोडलं.

"सात उगवलं," ते हळूच म्हणाले. "पुडी बांध. आजींकडं म्याच जातो."

सारजाबाईंनी पुडी त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात घातली, वरून सेफ्टी पिन लावली.

"जावा. फकस्त तितल्या कुंड्यांना हात लावू नका."